लिलीचा विषाणू: मावा उडून येतो, कंद आपण वाटतो

या महिन्याच्या टपालात लिलीचे प्रश्न सर्वांत जास्त आहेत आणि त्यातले बहुतेक एकाच दुखण्याचे. पुण्यात ऑक्टोबरअखेर लावलेल्या एशियाटिक लिली आता फुलून गेल्यात, ओरिएंटल कळीवर आहेत. थंडीत विषाणूची लक्षणं पानावर सर्वांत ठळक उमटतात आणि ऊन वाढलं की पुसट होतात. त्यामुळे झाडं तपासायची असतील तर हेच दिवस आहेत.

उत्तरांआधी एक खुलासा. आपल्याकडे ‘लिली’ हे नाव फार सैल हाताने वाटलं जातं. रेन लिली, स्पायडर लिली, फुटबॉल लिली, ॲमॅरिलिस यांचे कंद कांद्यासारखे, वर कोरडा पापुद्रा असलेले. ही सगळी मंडळी नर्गिसच्या गोतावळ्यातली. खरी लिली म्हणजे लिलियम; एशियाटिक आणि ओरिएंटल हे तिचेच प्रकार. तिच्या कंदाला पापुद्रा नसतो. जाड, मांसल पाकळ्या एकमेकींवर उघड्याच बसलेल्या असतात. दोघींचे विषाणू बरेचसे वेगळे आहेत, म्हणून पत्रात झाडाचं नाव लिहिताना कंद कसा दिसतो तेही लिहावं.

गेल्या वर्षीच्या एशियाटिक लिलीचे कंद कुंडीतच ठेवले होते. यंदा उगवून आले, पण पानांवर फिकट रेघा आहेत, शेंडा एका बाजूला वाकलाय आणि कळ्या पिळवटल्यात. नर्सरीत सांगितलेलं बुरशीनाशक दोनदा फवारलं, फरक नाही. आता कोणतं औषध द्यावं? (कोथरूड)

कोणतंच नको. बुरशीनाशक विषाणूला लागू पडत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते. झाडात शिरलेला विषाणू मारणारं औषध बाजारात नाही. कुणी ‘अँटीव्हायरल टॉनिक’ म्हणून बाटली पुढे केली तर ती परत द्या.

मात्र झाड उपटण्याआधी दुखणं विषाणूचंच आहे याची खात्री करून घ्या. सकाळी आठ-नऊला, ऊन तिरपं असताना, मधल्या उंचीवरचं एक पान सूर्याकडे धरा आणि मागच्या बाजूने पाहा. निरोगी पान सगळीकडे सारखं हिरवं दिसतं आणि त्यात शिरा सरळ धावत असतात. विषाणूच्या पानात शिरांच्या दिशेनेच फिकट आणि गडद पट्टे दिसतात, पण सलग नाहीत. एखादा पट्टा बोटभर जातो आणि मध्येच विरतो, शेजारचा तिळाएवढाच असतो, आणि फिकट भाग नेमका कुठे संपला ते सांगता येत नाही. पान अंगठ्याखाली सरकवलं तर कधी कधी पृष्ठभाग किंचित उंचसखल लागतो. बुरशीचा करपा याहून वेगळा. त्याचा डाग तपकिरी, गोल किंवा लांबट, मधोमध कागदासारखा सुकलेला आणि कडेला स्पष्ट. तो बहुधा दव किंवा पाणी साचणाऱ्या पानांवर आधी येतो. करप्याने सहसा शेंडा वाकत नाही आणि कळी पिळवटत नाही.

लिलियममध्ये मुख्यतः तीन विषाणू भेटतात. लिली मॉटल विषाणू पट्टे आणतो. काकडीचा मोझेक विषाणू पट्ट्यांबरोबर वाकडेपणा आणतो आणि फुलांच्या पाकळ्यांवर रंग तुटका करतो. तिसऱ्याचं नावच लिली सिम्प्टमलेस, म्हणजे लक्षणं न दाखवणारा. एकटा असला तर तो वर्षानुवर्षं गप्प बसतो, झाड थोडं ठेंगणं आणि फूल थोडं लहान, इतकंच. पण त्याच झाडात काकडीचा विषाणू शिरला की पानांवर वाळलेले, करपट ठिपके येतात. दोघांच्या या युतीची नोंद अमेरिकेत ईस्टर लिलीवर 1944 मध्ये झाली. तुमच्या वर्णनातला वाकलेला शेंडा आणि पिळवटलेल्या कळ्या पाहता एकाहून जास्त विषाणू असण्याचा संभव आहे. नेमका कोणता, हे प्रयोगशाळेतली एलायझा किंवा पीसीआर चाचणीच सांगेल. घरच्या चार कुंड्यांसाठी तो खर्च करू नये, कारण तिन्हींसाठी करायचं तेच आहे.

झाड काढताना आधी त्यावर साबणाचं पाणी मारा, प्रति लिटर 5 मिली पातळ साबण. पानावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, असेल तर तो हादऱ्याने शेजारच्या कुंडीत पळू नये म्हणून हे. मग झाडावर प्लास्टिकची पिशवी उपडी घाला, तळाशी बांधा आणि कुंडी आडवी करून मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा. माती वर्तमानपत्रावर मोडा आणि सुटलेल्या पाकळ्या एक-एक वेचा. इथेच चूक होते. लिलीच्या कंदाची एक सुटी पाकळी मातीत राहिली तरी तिच्या बुडाशी नवे कंदक धरतात आणि पुढच्या वर्षी तोच रोग घेऊन झाड वर येतं. याच कारणासाठी कंद सुरीने चिरून कंपोस्टमध्ये टाकू नका; चिरणं म्हणजे त्याचं रोप तयार करणं. पिशवीचं तोंड घट्ट बांधून गच्चीवर उन्हात दोन-तीन आठवडे ठेवा. आतलं सगळं शिजून मऊ झालं की ओल्या कचऱ्यात द्या.

‘चार कळ्या आहेत, फुलू दे, मग काढू’ असा मोह होतो. ते झाड जितके दिवस उभं राहील तितके दिवस शेजारच्या कुंड्यांना धोका आहे. लिलीची एकच कुंडी असेल तर खुशाल फुलू द्या. दहा असतील तर आज काढा.

दर आठवड्याला निंबोळी अर्क फवारते. पानांवर मावा जवळजवळ दिसतच नाही. तरीही एका कुंडीतून रोग तीन कुंड्यांत गेला. फवारणीत काय चुकलं? (बाणेर)

फवारणीत काही चुकलं नाही. फवारणीने हा रोग अडत नाही, कारण तो पसरण्याची तऱ्हाच वेगळी आहे.

मावा पानावर उतरला की लगेच जेवायला बसत नाही. आधी चाखून बघतो. सुईसारखी सोंड पानाच्या वरच्या पेशीत टोचतो, काही सेकंद थांबतो, पसंत पडलं तर खोल जातो, नाही तर उडून पुढच्या झाडावर. लिलीचे हे तिन्ही विषाणू त्या सोंडेच्या टोकाला चिकटतात, माव्याच्या पोटात जायची त्यांना गरज नसते. रोगी पानावर काही सेकंदांची एक टोच झाली की मावा वाहक होतो, आणि निरोगी पानावर तशीच एक टोच बसली की काम झालं. चार-दोन टोचा मारल्या की सोंड आपोआप साफ होते आणि थोड्या वेळात त्याची वाहक म्हणून ताकद संपते. म्हणजे सगळा प्रकार मिनिटांत आटोपतो.

आता कीटकनाशकाचं बघा. मारक औषधालाही मावा मरायला काही मिनिटं ते काही तास लागतात. मुळांतून दिलेलं आंतरप्रवाही औषध तर रस प्याल्यावरच काम करतं, आणि टोच त्याआधीच झालेली असते. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. काही औषधांनी तर मावा बेचैन होऊन जास्त झाडं चाखत फिरतो. निंबोळी अर्काने तुमच्या झाडांवर माव्याची वस्ती होत नाही, हा फायदा खरा आहे आणि तो चालू ठेवा. पण रोग आणणारा मावा तुमच्याकडे वस्तीला आलेला नसतोच. तो पंखवाला पाहुणा असतो, शेजारच्या गच्चीवरून किंवा शेतातून उडून आलेला. दोन पानं चाखून तो निघूनही जातो. म्हणून ‘मावा दिसत नाही’ आणि ‘रोग पसरतो’ या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

मग करायचं काय? पहिलं आणि सर्वांत जास्त गुण देणारं काम म्हणजे रोगी झाड काढणं. सोंडेला लावायला विषाणूच नसेल तर शंभर मावे आले तरी काही बिघडत नाही.

दुसरं, आसपासचे घरभेदी शोधा. काकडीचा मोझेक विषाणू एक हजाराहून जास्त प्रकारच्या वनस्पतींत राहतो. गच्चीवरच्या काकडी, दोडका, दुधी, मिरची, टोमॅटो आणि झिनिया यांत चितकबरी पानं दिसली तर ती रोपं आधी काढा. कुंड्यांच्या कडेला आणि भिंतीलगत उगवणारा केना हे तण या विषाणूचं नेहमीचं माहेर आहे. त्याची निळी फुलं गोड दिसतात, तरी उपटा. आणि कांडी मातीला टेकली की पुन्हा मुळं फुटतात, म्हणून उपटून तिथेच टाकू नका. जास्वंदीच्या शेंड्यांवर जमणारा हिरवा-काळा मावा पाण्याच्या जोराच्या फवाऱ्याने धुऊन काढा. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की वर मावा आहे असं समजा, कारण माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात.

तिसरं, आडोसा. पाच-दहा कुंड्या असतील तर चौकटीवर 50 मेशची कीटकरोधक जाळी लावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ती असली की पुरे. जमिनीत वाफा असेल तर शेतकरी वापरतात तो चंदेरी-काळा मल्चिंग पेपर चंदेरी बाजू वर करून अंथरा. खालून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाने उडता मावा गोंधळतो आणि उतरायला कचरतो. झाडांनी पेपर झाकला की हा परिणाम संपतो, म्हणजे उपयोग पहिल्या महिना-दीड महिन्याचाच. मोठ्या बागेत वाफ्याभोवती ज्वारी किंवा मक्याच्या तीन-चार दाट ओळी लावता येतात. बाहेरून येणारा मावा आधी तिथे टोचा मारतो आणि सोंड तिथेच पुसली जाते.

चौथं, खनिज तेलाची फवारणी. बागायतीसाठी मिळणारं फवारणीचं तेल 10 मिली प्रति लिटर, सात दिवसांनी, पानाच्या दोन्ही बाजूंना. तेलाचा थर असला की विषाणू सोंडेला नीट चिकटत नाही. हॉलंडमधले कंद पिकवणारे शेतकरी यावरच भिस्त ठेवतात. पुण्यात हे संध्याकाळी आणि थंडीतच करा. तापमान 30 अंशांवर गेलं की तेलाने पानं भाजतात. गंधक फवारलेल्या झाडावर तर महिनाभर तेल मारू नये.

पिवळे चिकट सापळे लिलीच्या कुंड्यांमध्येच टांगलेत असं तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय. ते तिथून हलवा. पिवळा रंग माव्याला बोलावतो, आणि बोलावलेला प्रत्येक जण कागदावरच चिकटेल असं नाही. गच्चीच्या कडेला, लिलीपासून लांब एकच सापळा ठेवा आणि त्याच्याकडे फक्त माव्याची आवक मोजण्याचं साधन म्हणून बघा. ढगाळ हवामानानंतर त्यावर पंखवाले मावे एकदम वाढतात; तेलाची फवारणी त्या आठवड्यात चुकवू नका.

रोगी झाड काढलेल्या कुंडीतली माती फेकून द्यावी का? (सिंहगड रस्ता)

वर सांगितलेले तिन्ही विषाणू जिवंत पेशीबाहेर टिकत नाहीत. पाकळ्या आणि मुळं वेचून माती पंधरा दिवस उन्हात पसरा, उलथापालथ करा, शेणखत मिसळा आणि वापरा. पहिलं वर्ष त्यात लिली सोडून दुसरं काही लावा, म्हणजे चुकून राहिलेली पाकळी उगवली तर लगेच ओळखता येईल.

याला एक अपवाद आहे. पानांवर गंजाच्या रंगाचे, लोखंडाचा डाग पडावा तसे उभे पट्टे किंवा ठिपके असतील, तर तो प्लँटॅगो एशियाटिका मोझेक नावाचा विषाणू असू शकतो. हॉलंडच्या लिलींत तो 2010 मध्ये सापडला. याला मावा लागत नाही. हात, सुरी, पानाला पान घासणं, मातीतले मुळांचे तुकडे आणि कुंडीतून निथळलेलं पाणी यांतून तो जातो. तसा संशय असेल तर माती लिलीला पुन्हा वापरू नका, आणि त्या कुंडीच्या बशीतलं पाणी दुसरीकडे ओतू नका.

आमच्याकडे आजीच्या वेळचं लाल ॲमॅरिलिस आहे. पानांवर फिकट-गडद ठिगळं आहेत आणि बुडाशी लाल चट्टे. दरवर्षी फुलतं. पिल्लं मैत्रिणींना द्यायची आहेत. हा लिलीचाच रोग का? (सदाशिव पेठ)

तुमच्या झाडात दोन वेगळी दुखणी एकत्र दिसतात. लाल चट्टे बुरशीचे आहेत. जिथे पान दुमडतं किंवा पाणी साचतं तिथे आधी लाल ठिपका येतो, तो लांबतो आणि पान तिथेच वाकडं होतं. ती पानं काढा, पाणी पानांवर न घालता मातीत घाला, आणि कॉपर ऑक्सिक्लोराईड 2.5 ग्रॅम प्रति लिटर दहा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा. हे बरं होतं.

ठिगळं मात्र बहुधा हिप्पिॲस्ट्रम मोझेक विषाणूची. तो ॲमॅरिलिसच्या जातीचा, लिलियमचा नव्हे. पसरतो मात्र त्याच दोन वाटांनी, माव्याने आणि सुरीने. फुलाचा दांडा कापताना दांड्यातला पातळ रस पात्याला लागतो आणि तेच पातं पुढच्या कुंडीत जातं. दांडे हाताने पिरगळून तोडले तर रस बोटांना लागतो, तेव्हा मधे साबणाने हात धुवा. काकडीचा मोझेक विषाणू दोघांनाही होतो, म्हणून हे झाड लिलियमच्या रांगेत ठेवू नये.

पिल्लं देऊ नका. आईत जे आहे ते प्रत्येक पिल्लात आहे. पुण्यात एकाच मोझेकचं ॲमॅरिलिस पेठेपेठेत दिसतं ते माव्यामुळे कमी आणि प्रेमाने दिलेल्या कंदांमुळे जास्त. आजीचं झाड आहे तर ठेवा, वेगळ्या कोपऱ्यात, वेगळ्या सुरीसह; ते आणखी कित्येक वर्षं फुलेल. मैत्रिणींना द्यायचंच असेल तर बी द्या. हा विषाणू बियांतून उतरत नाही. फूल हाताने परागित करा, शेंग पिवळी होऊन तडकायला लागली की काळं, कागदासारखं चपटं बी काढा आणि आठवड्याच्या आत पेरा. फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात आणि रंग आजीच्या झाडाचाच येईल असं नाही.

स्पायडर लिलीची पानं रात्रीतून खाल्ली जातात, तो विषाणू का, असंही याच पत्रात विचारलंय. नाही. काळ्या अंगावर पांढरे-केशरी ठिपके असलेल्या अळ्या आहेत त्या, लिलीच्या पतंगाच्या. पावसाळ्यात हाताने वेचा.

दुसऱ्या वर्षी लिली उगवली, पानं हिरवीगार, पण कळीच नाही. विषाणू असेल का? (औंध)

नाही. तुमच्या कंदाला थंडी मिळाली नाही. विकत आणलेला कंद शीतगृहातून आलेला असतो, म्हणून पहिल्या वर्षी फुलतो. पुण्याच्या हिवाळ्यात पहाटे थंडी असते, पण दुपारी कुंडी तापते. सलग सहा-आठ आठवडे 2 ते 5 अंश त्याला इथे कुठून मिळणार? पानं पिवळी होऊन वाळली की कंद काढा, जेमतेम ओलसर कोकोपीटमध्ये घाला, भोकं पाडलेल्या पिशवीत भरा आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा. त्या कप्प्यात सफरचंद आणि केळी नकोत, पिकणाऱ्या फळांच्या वायूने आतली कळी मरते. सप्टेंबरात ठेवलेला कंद नोव्हेंबरात लावता येतो.

हे सगळं करूनही फुलं पहिल्या वर्षापेक्षा कमीच येतात. आमचं मत विचाराल तर पुण्यात एशियाटिक-ओरिएंटल लिली शेवंतीच्या कुंडीसारखी, एका हंगामाची समजावी. विषाणूच्या दृष्टीनेही ते बरं. कंद जितकी वर्षं बागेत राहील तितकी वर्षं त्याला टोच बसायची संधी.

शेंड्याकडची नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. उपटू का? (वाकड)

थांबा. शिरा हिरव्या आणि मधला भाग सगळ्या पानांत सारखाच पिवळा, तर ती लोहाची कमतरता आहे. बोअरचं जड पाणी आणि चुनखडीची काळी माती असली की हे ठरलेलंच. चिलेटेड लोह 1 ग्रॅम प्रति लिटर, आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारा. पुढचं पान हिरवं आलं तर विषय संपला. विषाणूचा पिवळेपणा असा शिस्तीत कधी येत नाही.

तळेगावला वीस गुंठ्यांचं पॉलिहाऊस आहे. आयात कंद लावतो. गेल्या पिकात बरीच झाडं चितकबरी निघाली. पुरवठादार म्हणतो दोष आमच्या व्यवस्थापनाचा, आम्हाला वाटतं कंदच खराब होते. खरं कसं ओळखावं? (तळेगाव दाभाडे)

कंद हातात घेऊन विषाणू दिसत नाही. कूज दिसते, निळी बुरशी दिसते, कोंब किती निघालाय ते दिसतं, विषाणू नाही. आयात परवाना आणि निर्यातदार देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र असलं तरी त्याने प्रत्येक कंद निर्मळ ठरत नाही. पण पॉलिहाऊसचा नकाशा काढलात तर पुष्कळ उलगडा होतो.

लागवडीच्या वेळी प्रत्येक खोक्याचा लॉट नंबर बेडच्या खुंटीवर लिहा आणि लॉट एकमेकांत मिसळू नका. उगवण झाल्यापासून आठवड्यातून एकदा, सकाळी, एकाच माणसाने फेरी मारायची. प्रत्येक वेळी माणूस बदलला की नजर बदलते. रोगी झाड दिसलं की कागदावर बेड, ओळ आणि तारीख टिपायची. महिन्याभरात चित्र तयार होतं.

कोंब वीत-दीड वीत असतानाच, एकाच लॉटमध्ये, कुठलाही क्रम नसलेली विखुरलेली रोगी झाडं दिसली तर ती कंदातूनच आलेली आहेत. इतक्या लवकर बाहेरचा मावा हे करू शकत नाही, कारण टोच बसल्यापासून लक्षण दिसेपर्यंत काही आठवडे जातात. अनेकदा तर लागण झालेल्या हंगामात काहीच दिसत नाही आणि रोग पुढच्या वर्षी कंदातून वर येतो. उशिरा, दाराजवळ किंवा फाटलेल्या जाळीपाशी सुरू होऊन आत सरकणारा पुंजका असेल तर माव्याचा. आणि ओळीत एकामागून एक, तोडणीवाला ज्या दिशेने गेला त्याच दिशेने, लॉट बदलला तरी न थांबता गंजाचे पट्टे पुढे गेले असतील तर सिकेटरचा, म्हणजे तोडणीच्या कात्रीचा. पहिल्या प्रकारात पुरवठादाराशी बोलायला तुमच्या हातात नोंद आहे. पुढच्या खेपेला लावण्याआधी लॉटनिहाय काही कंदांच्या पाकळ्या एलायझासाठी पाठवा, म्हणजे वाद उरणार नाही.

तोडणीची हत्यारं हा दुर्लक्षित भाग आहे. एका मजुराला दोन सिकेटर द्या, एक हातात आणि एक द्रावणात बुडलेलं. प्रत्येक झाडागणिक शक्य नसेल तर निदान दर दोन मीटरला अदलाबदल. द्रावण ट्रायसोडियम फॉस्फेटचं, 100 ग्रॅम एक लिटर पाण्यात. ते कातडी जाळतं, रबरी हातमोजे घालूनच. दुसरा पर्याय साय काढलेल्या दुधाच्या पावडरीचा, 200 ग्रॅम प्रति लिटर. ऐकायला गंमत वाटते, पण दुधातली प्रथिनं विषाणूला चिकटून त्याला निकामी करतात, आणि पात्याला गंजही चढत नाही. घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी नऊ भाग हेही चालतं, मात्र ते द्रावण रोज नवं करावं लागतं आणि संध्याकाळी पाती धुऊन तेल लावावं लागतं. हात धुवायचा सॅनिटायझर या विषाणूंवर भरवशाचा नाही.

रोगी झाडं उपटणारा माणूस आणि तोडणी करणारा माणूस एकाच फेरीत नको. उपटणी दिवसाच्या शेवटी, तोडणीनंतर. बेडमधलं निथळणारं पाणी फिरवून वापरत असाल तर गंजाचे पट्टे दिसल्यापासून ते बंद करा. पीक संपल्यावर उरलेले कंद ‘निघतील चार फुलं’ म्हणून बेडमध्ये सोडू नका. नव्या लॉटच्या शेजारी जुना रोगी कंद असेल तर बाकीचा सगळा खर्च वाया जातो.

मेहुण्यांनी उत्तराखंडहून टायगर लिली आणून दिली. पानांच्या बगलेत काळे मणी येतात, त्यांपासून रोपं होतात. झाड एकदम ठणठणीत आहे. इतर लिलींजवळ लावावं का? (कर्वेनगर)

नको. विषाणू अंगावर बाळगून धट्टीकट्टी राहण्यासाठी टायगर लिली जगभर बदनाम आहे. तिला काही होत नाही, शेजारणी मात्र आजारी पडतात. काळे मणी म्हणजे बी नव्हे, ते चिमुकले कंदच आहेत आणि आईचा विषाणू त्यांत उतरतो. तिला घराच्या दुसऱ्या बाजूला एकटी ठेवा, मणी गळून दुसऱ्या कुंड्यांत पडू देऊ नका. आणि घरात मांजर असेल तर ही काय, कोणतीच खरी लिली नको. परागकण चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं निकामी होतात.

तंबाखूचं पाणी फवारलं तर मावा जातो ना? (भोसरी)

मावा मरतो, पण ते पाणी माणसालाही विष आहे, आणि तंबाखूच्या वाळलेल्या पानात टिकून राहणारा मोझेक विषाणू मिरची-टोमॅटोला लागायचा धोका वेगळा. तंबाखू मळलेल्या हाताने रोपांना हात लावणंही टाळा.

विषाणूमुक्त लिली घरी तयार करता येईल का? पाकळ्यांपासून रोपं करतात असं ऐकलं. (हडपसर)

पाकळ्यांपासून रोपं होतात, पण कंदात असलेलं सगळं सोबत येतं. एका रोगी कंदाच्या वीस पाकळ्या म्हणजे वीस रोगी रोपं. प्रयोगशाळेत उष्णता देऊन आणि कोंबाचं मिलिमीटरहून लहान टोक वाढवून विषाणू काढतात. ते घरी होत नाही.

घरी जमणारा मार्ग बियांचा. लिलीचे नेहमीचे विषाणू बियांतून जात नाहीत. पुण्याच्या हवेला फॉर्मोसानम ही पांढरी, लांब कर्ण्यासारखी लिली त्यातल्या त्यात मानवते, आणि तिला फुलायला कंदाच्या थंडीची फारशी अट नाही. ऑक्टोबरात चार इंच खोल ट्रेमध्ये दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू भरा. चपटं बी पसरून वर बारीक वाळूचा अगदी पातळ, बी जेमतेम झाकेल एवढाच थर द्या. सावलीत ठेवा, पाणी खालून शोषू द्या. दोन-चार आठवड्यांत गवतासारखी एक-एक पात दिसते. तण समजून बरेच जण ती इथेच उपटून टाकतात. तीन-चार पानं झाली की सहा इंची कुंडीत हलवा. चांगली जोपासना झाली तर वर्षभराच्या आत पहिलं फूल येतं.

ट्रे पहिल्या दिवसापासून जाळीखाली ठेवा, जुन्या लिलींपासून लांब. फॉर्मोसानम विषाणूला फार हळवी आहे, लागण झाली की पानांवर पटकन आणि स्पष्ट दाखवते. या गुणाचा दुसरा उपयोग असा: नवा आणलेला कोणताही कंद पहिला हंगाम वेगळ्या कोपऱ्यात वाढवा, शेजारी फॉर्मोसानमची दोन-तीन रोपं ठेवा आणि डिसेंबर-जानेवारीत दोघांचीही पानं उन्हाकडे धरून पाहा. पट्टे नसतील तर कंद मुख्य बागेत घ्या. असतील तर रोपांसकट पिशवीत.

(पुढच्या अंकासाठी प्रश्न पाठवताना एका पानाचा उजेडाकडे धरलेला आणि एक संपूर्ण झाडाचा असे दोन फोटो जोडावेत. कंद कुठून आणि कोणत्या महिन्यात आणला तेही लिहावं.)